बावीस डब्यांची तर्री

अंजना सहावीत असताना बाकावर फारशी बसलेली मला आठवत नाही. तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मी तिला गणित शिकवत होते. उदाहरण सुटलं की ती उभी राहायची. हात वर करायची नाही, उत्तर सांगायची नाही, नुसती उभी. "बस गं," म्हटलं की बसायची आणि पुढचं सुटलं की पुन्हा उभी. आईवडील दुसऱ्यांच्या भाजीच्या मळ्यात रोजाने जात. बाजाराच्या दिवशी ती शाळेआधी मेथीच्या जुड्या बांधून यायची, त्यामुळे तिच्या वहीला कायम मेथीचा वास असे.

निवृत्तीनंतर मी कुरकुंभला मुलाकडे राहायला आले. तिसऱ्याच दिवशी दारात एक चाळिशीची बाई उभी. हातात पितळी झाकणाचा डबा.

"बाई, वळखलं का? मी उभी ऱ्हायची ती."

ती आता अंजना महेंद्र ओव्हाळ झाली होती. दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत ऑपरेटर, मुलगी दीक्षा दौंडला फार्मसीचा डिप्लोमा करणारी. महेंद्र ठेकेदाराकडे होता तेव्हा अंजनाने तीन डब्यांवर खानावळ सुरू केली. तो कायम झाला तरी तिने ती बंद केली नाही. आता बावीस डबे जात. पहाटे चारला तिचा स्टो पेटायचा, साडेसहाला डबे पिशव्यांतून निघायचे. पहिल्या पाळीची माणसं सातला आत जातात आणि अकराला जेवतात.

बावीसही जण एकाच गोष्टीसाठी तिच्याकडे टिकून होते, ती म्हणजे तर्री. रस्सा उकळून झाला की अंजना आच मंद करी. लाल तेल वर येई. ते ती पळीने अलगद काढून वेगळ्या पातेल्यात ठेवी. डबे भरून झाले की शेवटी प्रत्येक डब्यावर त्यातली एकेक पळी. झाकण उघडलं की आधी लालभडक दिसलं पाहिजे. कंपनीत जेवायला गोल करून बसतात, सगळ्यांची झाकणं बरोबरच उघडतात. ज्याच्या डब्यावर तर्री नाही त्याला लगेच विचारतात, "काय रे, घरी भांडण झालं का?"

गेल्या फेब्रुवारीत महेंद्रच्या डाव्या खांद्यात कळ आली. वय सेहेचाळीस. त्याला वाटलं ॲसिडिटी. त्याने सोडा प्यायला आणि अर्धी पाळी तसाच उभा राहिला. मग घामाने शर्ट चिकटला, तेव्हा पप्पूने त्याला उचलून गाडीत घातलं. पप्पू शेजारच्या गावच्या, म्हणजे महेंद्रच्या मूळ गावच्या, शेतकऱ्याचा मुलगा, चौतिशीचा, महेंद्रच्याच विभागात. पुण्याला नेऊन स्टेंट बसवला. पुढची तपासणी दौंडला. तिथल्या डॉक्टरांनी अंजनाला समोर बसवून सांगितलं, "तेल दिवसाला माणशी चार चमचे. चहाचे चमचे. आणि पामतेल, डालडा घरात नको. हे जे थंडीत गोठतं ना, ते शिरांना सगळ्यात वाईट."

अंजनाने त्या दिवसापासून महेंद्रची भाजी वेगळी केली. सूर्यफुलाच्या तेलाची छोटी बाटली, आणि स्वतःच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेला एक स्टीलचा चमचा. तो सपाट भरायचा, वरचा फुगवटा बोटाने निपटायचा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. खानावळीच्या पातेल्यात मात्र पामतेल तसंच होतं. त्याशिवाय तर्री जमत नाही, असं तिला वाटे.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि नेहमीसारखी उभीच राहिली.

"बाई, वजन अडीच किलोनं वाढलंय."

"महेंद्रचं?"

"त्यांचंच. आन् कोलेस्टेरॉल उतरलंय, पण डॉक्टर म्हणतात हे गोळीनं उतरलं तेवढंच. मला म्हणाले, गोळीनं तिचं काम केलं, तुम्ही तुमचं करताय का? मी म्हणलं सर, चार चमचे, सपाट. तर माझ्याकडं असं बघितलं जसं मी खोटं बोलते."

तिला सगळ्यात जास्त ते बघणं लागलं होतं. नापास होणं समजू शकतं, पण कॉपी केली म्हणून पकडलं जाणं तिला सहन होण्यातलं नव्हतं.

पुढचा महिनाभर तिला चैन नव्हतं. पहिल्यांदा तिने गोळ्यांचा संशय घेतला. दीक्षाने पाकिटं मोजली. एकही चुकली नव्हती. मग दवाखान्याच्या काट्याचा संशय. महेंद्रला तिने रेशन दुकानातल्या काट्यावर उभं केलं, लोक हसले. मग तिने बिस्किटं बंद केली, चहातलं दूध अर्ध्यावर आणलं. शेजारच्या धुरपदाकाकूंनी सांगितलं, "अगं, बाटलीतलं तेल म्हंजी इष. लाकडी घाण्याचं करडईचं आण. ते कितीबी खाल्लं तरी बाधत न्हाई." अंजना पाटसपर्यंत जाऊन घाण्याचं तेल घेऊन आली आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे. पण चमचा तोच. कुठल्याही तेलाचा चमचा मोठा होत नाही."

ती भाजी चिरता चिरता उठायची, बाटली उजेडात धरून बघायची, पुन्हा बसायची. दीक्षा म्हणायची, "आई, बाटली काय बोलणारे का?" महेंद्र यातलं काही बोलत नसे. तो मुळातच कमी बोलणारा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. पुढ्यात येईल ते मुकाट खायचा आणि ताट स्वतः धुवून ठेवायचा. त्याला काही विचारलं की, "चांगलं झालंय," एवढंच.

जूनमधली एक दुपार. मी तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. साडेतीनला पप्पू मोटारसायकलवरून रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन आला. हे काम तो रोज हौसेने करी, कारण त्या निमित्ताने अंजनाच्या हातचा चहा मिळायचा.

"वैनी, आज तर्री कमी पडली बघा."

"कमी? एक पळी रोजच्यासारखी घातली की."

"एक पळी बरोबर हाय. पण त्यातनं काढल्यावर आम्हाला काय ऱ्हातंय? आज सुरज सुटीवर, दगडोबामामांचा उपास. दोन पळ्यांची तूट आली."

"कशातनं काढल्यावर?"

पप्पूने चहाचा कप तोंडाजवळ नेला आणि तिथेच धरला. काहीतरी चुकलं हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण काय ते कळत नव्हतं.

"दादाच्या डब्यात घालायला, वैनी. त्यांचा डबा तुम्ही असा पांढरा भरताय. गोलात बसल्यावर बरं दिसतंय का? मग आम्ही चमचा-चमचा सगळे घालतो. मी, सुरज, मामा, हौसराव. बाहेरचं काय न्हाई. तुमच्याच हातचं हाय."

अंजनाच्या गळ्यातला चमचा हलायचा थांबला.

"कवापासनं?"

"कवापासनं म्हंजी... ते हजर झाल्या दिवसापासनं."

"रोज?"

"रोजच. माणूस मरणाच्या दारातनं आलाय, त्याला कोरडं कसं खाऊ द्यायचं? आधी थोडं घालत होतो, मग अंगात ताकद यायला म्हणून जरा जास्त." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वैनी, ते तेलच का? मला वाटलं तुम्ही मसाल्यापायी वेगळं करताय. पोटाला तिखट नको म्हणून."

त्याला खरंच तसं वाटलं होतं. चौतीस वर्षांच्या त्या गड्याचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला. चहा अर्धा टाकून तो उठला. "उद्यापासनं कोण हात लावणार न्हाई. मी बघतो," म्हणाला आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

दहा मिनिटांत महेंद्र आला. मी निघायला उठले, तर अंजना म्हणाली, "बाई, बसा. मला साक्षीदार पायजे."

ती ओरडली नाही. ती म्हणाली, "मी चार महिने चमचा निपटतेय. तुम्ही मला डॉक्टरम्होरं खोटं पाडलं."

महेंद्र चौकटीला टेकून उभा राहिला. "मी मागत न्हाई."

"नको म्हणता येतं का न्हाई तोंडानं?"

"न्हाई येत."

"का?"

तो मग माझ्याकडे बघून बोलला, बायकोकडे बघायचं त्याला अवघड जात असावं.

"बाई, आमच्या आबांचं नाव म्हाळू. गावात लग्नकार्य असलं की त्यांना लाकडं फोडायला बोलवायचे. जेवायला शेवटी, गोठ्यामागं, लांब. वाढणारी पळी वर धरून सोडायची, ताटाला लागू द्यायची न्हाई. रस्सा अंगावर उडायचा. मी आठ-नऊ वर्षांचा, त्यांच्या शेजारी बसायचो. वाढणारी कोण असायची? झुंबरबाई. ह्या पप्पूची सख्खी आजी."

अंजनाला हे माहीत असावं, पण अशा वेळी ऐकलं नसावं. ती ओट्याला टेकली.

"आन् आता तो पप्पू त्याच्या उष्ट्या डब्यातला चमचा माझ्या डब्यात बुडवतो. बुडवून ढवळतो. मी त्याला नको म्हणू? माझं तोंडच उघडत न्हाई, अंजना. मला ठावं हाय ते तेल हाय. पण मला ते तेल दिसत न्हाई."

पप्पूला ह्यातलं काही माहीत नव्हतं, आणि महेंद्रने त्याला ते कधी सांगावं अशी अंजनाचीही इच्छा नव्हती. त्या घरात एवढी समज होती.

पप्पूने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून महेंद्रच्या डब्यात कोणी चमचा घातला नाही. अंजना खूश व्हायला हवी होती. पण दोन दिवस डबा अर्धा भरलेला परत आला. तिसऱ्या दिवशीही तेच. दीक्षाने विचारलं तेव्हा महेंद्र म्हणाला, "जात न्हाई घशाखाली." नंतर पप्पूकडूनच कळलं की गोल आता पूर्वीसारखा बसत नाही. सगळे महेंद्रसमोर तर्री खायला ओशाळतात, पाठ जराशी वळवून बसतात. त्याच्या डब्यातलंही कोणी काही घेत नाही; ते औषधाचं जेवण, आजारी माणसाचा वाटा कसा घ्यायचा? दगडोबामामा तर डबा घेऊन पंपहाऊसकडे जाऊन बसले.

"चांगलं करायला गेलो वैनी, आन् दादा एकटे पडले," पप्पू म्हणाला.

त्या रविवारी अंजनाने दीक्षाला वही काढायला लावली. मीही होते. प्रश्न साधा होता. पंधरा लिटरचा पामतेलाचा डबा खानावळीला किती दिवस जातो? बारा दिवस. डबे बावीस. दीक्षाने भागाकार केला, मी तपासला. माणशी सत्तावन्न मिलिलिटर. पाच मिलिलिटरचा चमचा धरला तर अकरा चमचे.

"दिवसाचे?" अंजनाने विचारलं.

"आई, एका वेळचे."

अंजना उभी राहिली. भिंतीवर खिळ्यांना बावीस पिशव्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीवर रंगाने नाव. ती एकेक नाव वाचत गेली. पप्पू, पोट सुटलेला. सुरज, गोरखपूरचा, पंचवीसचा, घरी दोन लहान मुलं. दगडोबामामा, रक्तदाबाची गोळी. हौसराव, गेटवरचा वॉचमन, त्याला शुगर.

"म्हंजी मी एका माणसाला चमच्यानं वाचवतेय," ती म्हणाली, "आन् बावीस जणांना पळीनं..." ती स्वयंपाकघरात गेली, पामतेलाच्या डब्याचं तोंड कपड्याने बांधलं आणि तो परत करायला दुकानात घेऊन गेली. दुकानदार फोडलेला डबा परत घेईना. तिने तो तिथेच सोडला.

सोमवारपासून एकच पातेलं. महेंद्रचं तेच सगळ्यांचं. माणशी दोन चमचे तेल, तेही आधी सूर्यफूल, आठवड्याने सोयाबीन. ती पहाटे साडेतीनला उठू लागली, कारण कमी तेलात चव आणायला हात जास्त लागतो. कांदा तेलात न परतता तव्यावर कोरडा, काळपट होईपर्यंत भाजायचा. लसूण सालासकट भाजायचा. रंगाला ब्याडगी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटायची. दाटपणाला थोडंसं दाण्याचं कूट. मी चाखून पाहिलं. चव होती. पण वर लाल दिसत नव्हतं, आणि झाकण उघडल्यावर आधी डोळे जेवतात.

पहिल्याच दिवशी हौसराव डबा घेऊन थेट दारात आला. गेटवर उभा राहून राहून त्याचा आवाज मोठा झालेला.

"वैनी, ह्यात तोंड दिसतंय माझं! दाढी केली म्या ह्यात बघून!"

"मग चांगली झालीय की दाढी."

"चेष्टा करू नका. नवऱ्याच्या काळजाला झालं ते नवऱ्याला द्या. आम्हाला कशापायी?"

"भाऊ, तुमची शुगर किती?"

"ते माझं मी बघीन."

"ते मला दिसतंय," अंजना म्हणाली. हौसरावने डबा पायरीवर ठेवला आणि गेला. त्याने हायवेवरच्या ढाब्याचा डबा लावला. त्याच्यामागे आठवड्यात आणखी पाच जण गेले. भिंतीवरच्या सहा पिशव्या रिकाम्या लोंबायला लागल्या.

महेंद्र तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. लोक माझ्यापायी उपाशी राहतात, असं त्याचं म्हणणं. अंजना तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, "उपाशी न्हाई, ढाब्यावर जेवत्यात. तुम्ही खुशाल सगळ्यांच्या डब्यातलं घ्या. सगळ्यांच्या डब्यात तेच हाय. पप्पूला सांगा, पायजे तेवढं वाढ म्हणावं दादाला."

पप्पूने ते अक्षरशः घेतलं. गोल पुन्हा बसला. सुरज म्हणाला, "भाभी का खाना अब अस्पताल वाला हो गया," आणि तरी महेंद्रच्या डब्यातली वांग्याची फोड उचलून खाल्ली. दगडोबामामा पंपहाऊसकडून परत आले. पप्पू आधीसारखाच चमचा बुडवून ढवळू लागला आणि घरी येऊन सांगू लागला, "आज दादाला चार चमचे घातले बघा, वैनी." त्याच्या आवाजात मोठी सुटका होती.

अंजना मात्र सुटली नाही. तिला आता नवी काळजी होती. बाविसाचे सोळा झाले, त्यातले आणखी किती जातील? मी एकदा म्हटलं, "थोडी तर्री दिसण्यापुरती घाल. महेंद्रची पुन्हा वेगळी कर." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, मीच सहावीत आहे.

"बाई, मग पुन्हा त्याच्या डब्यात चमचा येणार."

ती बरोबर होती.

सप्टेंबरात पुन्हा तपासणी होती. ती मला सोबत घेऊन गेली. महेंद्र काट्यावर चढला. तीन किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, कोलेस्टेरॉल आता त्यांना हवं होतं तिथे आलं होतं. "काय बदल केला?" त्यांनी विचारलं. अंजनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण गोल, झुंबरबाई, पळी, पप्पू, हे सगळं दवाखान्यात कसं सांगायचं ते तिला सुचलं नाही. "एकच पातेलं केलं, सर," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना ते कळलं नसावं. ह्या वेळी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

परतताना ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसली होती आणि बसल्या जागी चुळबुळत होती. महेंद्र पुढे ड्रायव्हरशी बोलत होता, मी त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं आता ही जरा टेकेल, डोळे मिटेल.

"बाई, हौसराव ढाब्यावर काय खातो ठावं हाय का? भजी. त्याच तेलात सकाळधरनं तळलेली. पप्पू म्हणत होता, त्याला आता पायाला मुंग्या येत्यात."

"त्याने ऐकलं नाही, अंजना. तू काय करणार?"

कंपनीच्या गेटसमोर तिने जीप थांबवायला लावली. महेंद्र म्हणाला, "आता कशाला?" तोवर ती उतरली होती. हौसराव खुर्चीतून उठला, तिला बघून जरा सावरून उभा राहिला. आम्ही जीपमधून बघत होतो.

"भाऊ, उद्यापासनं डबा येतोय."

"मी कुठं सांगितलं?"

"तुम्ही न्हाई सांगितलं. मी सांगतेय."

"तर्री?"

"न्हाई."

"मग वैनी, मी खाईन कसं? डोळं मिटून?"

"सवय होईस्तोवर मिटा."

हौसराव हसला. मग पायाकडे बघत म्हणाला, "वरनं एक पळी तरी?"

"न्हाई."

"अर्धी."

"भाऊ, मी घरात माझ्या नवऱ्याशी भांडून आलेय. तुमच्याशी भांडायला मला किती वेळ लागंल?"

"बरं. एक चमचा?" त्याने बोटांनी चमच्याएवढं दाखवलं. अंजनाने गळ्यातला चमचा उचलून त्याच्या बोटांशेजारी धरला. त्याची बोटं बरीच मोठी निघाली.

"एवढा," ती म्हणाली, "आन् सपाट. तोबी तुमच्या वाटच्या दोनांतलाच." आणि त्याचं उत्तर न ऐकताच जीपकडे परत निघाली. सकाळसाठी कांदे आणायचे राहिले होते.